दीड टनाचा संशय

गोरेगाव (पूर्व)
१८ मार्च २०२५

दादा,

नमस्कार पोचला असं समज. माझ्या घरात काहीतरी शिजतंय.

फोन करणार होते, पण फोनवर मी घसा फोडायचा आणि तू पलीकडून नुसतं "हॅलो, हॅलो" करायचं, त्यात अर्थ नाही. प्लॅन्टच्या आवाजाने तुझे कान गेले ते गेलेच. व्हॉट्सअॅप सौरभने लावून दिलंय, म्हणजे माझं तिथलं बोलणं माझा मुलगा वाचत असेल की सून, देव जाणे. म्हणून आपलं पोस्ट बरं.

तर झालं असं. परवा दुपारी भाजी घेऊन वर आले, बघते तर माझ्या खोलीत एक परका माणूस स्टुलावर चढून टेपने भिंत मोजतोय आणि मानसी खाली वही धरून उभी. मला बघून दोघं एकदम चिडीचूप. म्हटलं, काय गं हे? तर म्हणते, "आई, तुमच्या खोलीत एसी बसवतोय. किती उकडतं तुम्हाला!" लग्न होऊन आली त्याला अकरा वर्षं झाली. मला उकडतं हे आत्ता दिसलं तिला.

त्या माणसाने खिडकी मोजली, वर थेट गच्ची आहे का विचारलं, आणि जाताना सौरभला लिफ्टपाशी नेऊन काहीतरी कुजबुजला. संध्याकाळी सौरभ म्हणतो, दीड टनाचा घेतोय. अरे, माझी खोली ती केवढी? दहा बाय अकरा! त्या दोघांची खोली माझ्याहून मोठी, तिथे एक टन आहे. सुनेने स्वतःपेक्षा मोठा एसी सासूला दिला असं तू कधी ऐकलंयस का?

समोरच्या शकुचं तुला सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी तिच्याही मुलाने तिच्या खोलीत एसी लावला. तिने बिल्डिंगभर पेढे वाटले. दोन महिन्यांत नातवाची दहावी म्हणून नातू आत आणि शकु हॉलमध्ये सोफ्यावर. दहावी झाली, आता बारावी आली. शकु अजून सोफ्यावरच आहे.

मला तीच भीती आहे, तुझ्यापासून काय लपवू? सौरभचे बाबा गेल्यावर फ्लॅट माझ्या नावावर झाला, पण नाव काय, कागदावर असतं. आत जाऊन दार लोटता येईल अशी ही एकच जागा मला उरलीय. ती गेली की माझी शकु होणार.

आणि हो, एसीचा बाहेरचा डबा भिंतीवर टांगायला सोसायटीची परवानगी लागते. त्या अर्जावर माझी सही हवी. सौरभ कालपासून तो कागद घेऊन माझ्या मागे मागे फिरतोय. कागद इंग्रजीत आहे. मी म्हटलं, चष्मा सापडत नाही. चष्मा डोक्यावर होता.

तू उभा जन्म अंधेरीच्या स्टुडिओत एसीच्या प्लॅन्टवर काढलास. तूच सांग, दहा बाय अकराला दीड टन कशाला?

सुलू

---

कणकवली
२७ मार्च २०२५

सुलू,

सही केली नाहीस ते झकास केलंस. करूही नकोस.

आता नीट वाच. दहा गुणिले अकरा म्हणजे एकशे दहा चौरस फूट. एकशेवीसपर्यंत एक टन पुरतो, ही बाजाराची ढोबळ रीत. आम्ही तसं मोजत नव्हतो. सेट बदलला की मी वही घेऊन फिरायचो. छत किती तापतं, ऊन कुठून येतं, लाइट किती, माणसं किती. नुसता बसलेला माणूस म्हणजे शंभर वॅटचा जळता बल्ब, एवढं ध्यानात ठेव. शंभर ज्युनिअर आर्टिस्ट बसवले की शंभर बल्ब पेटले. नाचायला लावले की विचारूच नको. डिरेक्टर खालून ओरडायचा, "राजाराम, थंडा करो!" मी म्हणायचो, साहेब, आधी गर्दी हटवा.

तुझ्या खोलीवर गच्ची, म्हणजे दुपारी स्लॅबचा तवा होतो. खिडकी पश्चिमेला. आत तू एकटी, एक पंखा, एक ट्यूबलाइट. सगळं जमेस धरून एक टनाचा इन्व्हर्टर एसी पुरे. दीड लावलास तर खोली पाच मिनिटांत गार होईल आणि मशीन थंड बसेल. मशीन चालत राहिली तरच हवेतली ओल खेचते गो. ती बसली की खोली गार आणि अंग मात्र चिकट. मोठा एसी तो चांगला, असं दुकानदार सांगतो.

मग दीड का? एक तर दुकानदार टोपी घालतोय. नाहीतर त्या खोलीत त्यांनी असं काहीतरी मोजलंय, जे आज तिथे नाही. नुसता दुकानदार असता तर बेधडक दोन टन म्हणाला असता. दीड हा हिशोब करून आलेला आकडा वाटतो. मला दुसऱ्या गोष्टीचा वास येतोय.

मोजायला आलेल्या माणसाने कागद केला असणार. तो मिळव आणि जसाच्या तसा उतरवून पाठव. कोण काय म्हणालं ते मला नको. आकडा खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. माणसांच्या रकान्यात किती लिहिलंय ते आधी बघ.

मी बरा आहे. हे पत्र तीन बैठकांत लिहिलं, उकाडा फार.

दादा

---

गोरेगाव
५ एप्रिल २०२५

दादा,

मिळाला कागद! मानसी ऑफिसला अंधेरीला, सौरभ सांताक्रूझला कार्गोत, घरात मी एकटी. फ्रिजवर बिलांची फाइल असते, तिच्यात होता. चोरी म्हण हवं तर. माझ्याच खोलीचा कागद मी चोरला.

त्यात असं लिहिलंय: खोली दहा बाय अकरा, उंची साडेनऊ. सर्वांत वरचा मजला. खिडकी पश्चिम, चार बाय चार. माणसे दोन. मशीन एक, ३५० वॅट, दिवसाला सोळा तास. खाली लाल पेनाने दीड टन, आणि त्याला गोल.

माणसे दोन! माझ्या खोलीत हा दुसरा माणूस कोण?

कोण ते मीच सांगते. मानसीची आई, नंदाबाई. बदलापूरला एकट्या असतात, गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. दिवाळीत आल्या तेव्हा माझ्या खिडकीत उभ्या राहून म्हणाल्या, "किती छान वारा येतो हो तुमच्याकडे!" तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. एवढ्या कौतुकाने दुसऱ्याच्या खिडकीकडे कोण बघतं?

पुरावा नाही असं म्हणू नकोस. परवा मानसी बाल्कनीत फोनवर होती. मी आत तांदूळ निवडत होते, माझे कान शाबूत आहेत. ती म्हणाली, "आईंना आत्ताच नको सांगायला. आधी खोली होऊ दे. आधी कळलं तर दोन्हीकडून नकार येईल." दोन्हीकडून म्हणजे एकीकडे मी आणि दुसरीकडे विहीणबाई, नाही का? आणि काल सौरभच्या मोबाइलवर खाटांची चित्रं होती. कळ फिरवली की डोक्याकडची बाजू वर होते असल्या खाटा! विहीणबाईंना पडल्या पडल्या टीव्ही बघायला बरं.

मी आयुष्यभर लोकांचं केलं दादा. सासूचं केलं, सासऱ्यांचं केलं, ह्यांचं शेवटी सात महिने केलं. आता कुणाचं काही करायची माझी इच्छा नाही, हे बोलायला मला लाज वाटत नाही.

फक्त ती मशीन कळत नाही. साडेतीनशे वॅट, रोज सोळा तास. टीव्ही एवढा खातो का? तू तर नुसत्या वॅटवरून मशीन ओळखायचास. लवकर लिही, सौरभ पुन्हा सहीचं काढतोय.

सुलू

---

कणकवली
२४ एप्रिल २०२५

सुलू,

उशीर झाला. काजूचे दिवस, सवड झाली नाही.

कागदात काही दम नाही. ही दुकानातली पोरं मनाला येईल ते लिहितात. साडेतीनशे म्हणजे कॉम्प्युटर असेल, नाहीतर उगाच ठोकून दिलं असेल. तू त्याच्या मागे लागू नको.

नंदाबाई येणार नाहीत. ते डोक्यातून काढून टाक. मला कसं ठाऊक ते विचारू नको. मानसीशी भांडू नको. पोर चांगली आहे. सौरभसारखा मुलगा आपल्या घरात झाला हे आपलं नशीब.

सही कर, पण एक टनावर कर. सौरभला समोर बसवून सांग की या खोलीत मी एकटी राहणार, दुसरी खाट इथे यायची नाही. दहा बाय अकरात दोन म्हाताऱ्या माणसांची सोय होत नाही. त्याने कितीही गळ घातली तरी माघार घेऊ नको. म्हातारपणी ज्याने त्याने आपापल्या जागी राहावं.

जास्त लिहीत नाही.

दादा

---

गोरेगाव
३ मे २०२५

दादा,

तू सांगितलंस तसं केलं. रविवारी जेवणं झाल्यावर दोघांना बसवलं आणि म्हटलं, एक टन, खोलीत मी एकटी, दुसरी खाट आली तर मी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन बसेन. मला वाटलं सौरभ आवाज चढवेल. तो नुसतं म्हणाला, "ठीक आहे आई. तुझी खोली आहे." मानसी उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला नाही, म्हणजे रडत असणार. दुसऱ्या दिवशी खाटवाल्याला नाही म्हणून फोन गेला. अजून सहीचा कागद कुणी पुढे केला नाही, एक टनाचाही नाही.

मी जिंकले. पण घास गोड लागत नाही. शकु म्हणाली, "बरी खमकी निघालीस!" तिचं कौतुकही मला टोचलं.

आता मला तुझा संशय येतोय.

तुझी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली. पहिल्यात तू म्हणतोस, आकडा खोटं बोलत नाही. दुसऱ्यात म्हणतोस, पोरांनी ठोकून दिलं. कोण, तू? माझ्या लग्नात हॉलवाल्याशी एका पंख्यावरून भांडलेला माणूस तू! साडेतीनशे वॅट तू असाच सोडून देशील? आणि नंदाबाई येत नाहीत हे तुला कणकवलीत बसून कसं कळलं? मी "दुसरा माणूस कोण" असं विचारलं होतं. त्याचं उत्तर तू दिलंच नाहीस. उलट त्याला घरात घेऊ नको म्हणून मला बजावलंस. जो कोण आहे हेच माहीत नाही, त्याला कुणी एवढं बजावून अडवतं का?

तुझं अक्षरही बघितलं. ओळी उजवीकडे घसरत जातायत. जानेवारीत दोन आठवडे तू फोनला आला नाहीस, खंडू म्हणाला जत्रेला गेलाय. आपल्या अख्ख्या पंचक्रोशीत दोन आठवड्यांची जत्रा कुठे असते रे?

खरं काय ते लिही. नाहीतर खंडूला फोन लावते. तो तुझा जन्माचा शेजारी असेल, पण मी ओरडले की त्याची पाचावर धारण बसते, हे तुला माहीत आहे.

सुलू

---

कणकवली
११ मे २०२५

सुलू,

खंडूला फोन करू नको, त्याला मीच भरपूर झापलाय.

ती मशीन माझ्या खाटेला लागून आहे. हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात सोडते. जानेवारीत धाप लागली, खंडूने रिक्षात घालून इस्पितळात नेलं, तिथे नऊ दिवस होतो. कसली जत्रा आणि काय! फुप्फुसं गेलीत. बिड्या ओढल्या त्याचं फळ. डॉक्टर म्हणाला, रोज सोळा तास नळी लावायची आणि खोली थंड ठेवायची. मशीन स्वतःच भट्टीसारखी तापते. लाइट गेली की बंद पडते, मग खंडू धावत येऊन सिलिंडर लावतो. लाइट इथे किती जाते ते तुला ठाऊक आहे. एकदा सिलिंडरही संपत आला होता. जाऊ दे तो विषय.

तुझं पत्र आलं, ३५० वाचलं आणि मशीनच्या पाटीकडे बघितलं. तिथेही ३५०. सोळा तासही तेच. दुसरा माणूस कोण, हे कळायला मला वेळ लागला नाही. इस्पितळाच्या फॉर्मवर खंडूने सौरभचा नंबर घातला होता, मला न सांगता. तेव्हापासून सौरभ त्याला दर आठवड्याला फोन करतो म्हणे. पोराने माझा बल्ब बरोबर मोजला गो. मशीनची उष्णता धरली, गच्ची धरली. मी मोजलं असतं तरी दीडच आलं असतं.

आणि मी तुला लिहीत होतो, त्यांचा कागद काढून आण म्हणून! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तुझ्याशी खोटं बोललो त्याची लाज वाटते. पण त्या दुसऱ्या माणसाला येऊ देऊ नको हे लिहिलं, ते मनापासून लिहिलं. भावाने बहिणीकडे चार दिवस जावं, साडी न्यावी, जेवावं आणि निघावं. नळी लावून खाट टाकायला जाऊ नये. तूच लिहिलंस ना, आयुष्यभर लोकांचं केलं, आता नको. ते वाक्य मी तीनदा वाचलं. त्यात मी भर घालू?

आणि हे घर बंद झालं तर तुझं काय? मे महिन्यात येतेस, फणस फोडतेस, माझ्या आमटीला नावं ठेवतेस. आईने जाताना माझा हात धरून एकच सांगितलं होतं, सुलूचा दार उघडा ठेव. कुलूप लावून मी मुंबईला आलो, तर तुला माहेर राहायचं नाही. जीव आहे तोवर मला ते व्हायला नको.

म्हणून तू केलंस ते योग्य केलंस. सौरभला रागावू नको. एक टनावर सही कर.

दादा

---

गोरेगाव
१९ मे २०२५

दादा,

स्पीड पोस्टने पाठवतेय, पत्र माझ्या आधी पोचावं म्हणून.

तुझं पत्र वाचून आधी रडले आणि मग शिव्या घातल्या. शिव्या इथे लिहीत नाही, समोरासमोर ऐक. लांबून तुला ऐकू जात नाही, त्यामुळे जवळ बसून मोठ्याने घालीन.

सौरभला पत्र दाखवलं. म्हटलं, आईला सांगायची तुला काय चोरी होती? तर म्हणतो, "तुला सांगितलं असतं तर तू रडत पहिल्या गाडीने गेली असतीस, आणि मामाला कळलं असतं तर त्याने दाराला आतून कडी घातली असती. म्हणून म्हटलं, सगळं बसवून तयार ठेवू आणि थेट गाडी घेऊन जाऊ." माझा मुलगा भोळा नाही, मूर्ख आहे. पण मी त्याला काय बोलणार? दोन महिने मी माझ्या खोलीचं दार अडवून उभी होते, आणि मी ज्याला अडवत होते तो तू होतास.

मानसीची माफी मागायला गेले. चहाचं विचारून परत आले. मग सकाळी उठून तिच्यासाठी घावणे केले, नारळाचा रस काढला. तिने दोन खाल्ले आणि म्हणाली, "आई, माझी आई इथे आली असती तर तुम्ही खरंच तिला राहू दिलं नसतं?" मी खरं तेच सांगितलं, नसतं दिलं. ती हसली. मला वाटतं मिटलं.

काल मी स्वतः स्टेशनजवळच्या त्या दुकानात गेले. त्याच माणसाने वही काढली आणि विचारलं, माणसं किती? म्हटलं, दोन. मी आणि माझा मोठा भाऊ. सोसायटीच्या अर्जावर सही केली, तीही चष्मा लावून, सगळा वाचून. शुक्रवारी फिटिंग आहे. खाट उद्या येते.

आता तुझ्या बोलण्याकडे येते. भावाने बहिणीकडे खाट टाकू नये म्हणे! लहानपणी आपण पाच जणं एका घोंगडीत झोपायचो, तुझी ढोपरं रात्रभर माझ्या पाठीत. तेव्हा कुठे होती तुझी दहा बाय अकरा? आणि मी लोकांचं केलं असं लिहिलं होतं. तू लोक आहेस का रे? एवढं शिकून एवढंही कळलं नाही तुला? मला करायचंय तुझं. मला भीती वाटते दादा. लाइट जाते आणि खंडू धावत येतो, हे वाचल्यापासून मला झोप नाही. एके दिवशी खंडू बाजारात असेल तर?

राहिलं आईला दिलेल्या शब्दाचं. त्यावर मी दोन दिवस विचार केला. तू शब्द दिलास, तू तो मोडू नयेस, हे मला मान्य आहे. तू दार बंद करायचं नाहीस.

शनिवारी पहाटे सौरभ गाडी घेऊन निघतोय, मी त्याच्या शेजारी असेन. गाडीत लावायची बॅटरी त्याने डॉक्टरला विचारून घेतलीय. तू फक्त मशीन काढून दे आणि गाडीत बस, मागे वळून बघू नको. चूल मी सारवीन, देवापुढचा दिवा मी शांत करीन. मग दार मी ओढीन आणि कुलूप माझ्या हाताने लावीन. माहेर माझं आहे. ते बंद करायचं की नाही, ते मी ठरवणार.

येते.

सुलू